येऊ का?

१

निवृत्तीनंतरची नऊ वर्षं आमच्या घरातली संध्याकाळ एकाच वाक्यानं सुरू व्हायची. पाच वाजायला आले की इंदुमती, माझी बायको, खुंटीवरची कापडी पिशवी काढायची, दाराबाहेर पायरीवर जाऊन चपला घालायची आणि तिथून विचारायची, "अहो, येऊ का?" मी पेपरमागून म्हणायचो, "ये." मग ती जायची.

झाशीतल्या आमच्या गल्लीत आमचं एकच मराठी घर, त्यामुळे हा प्रकार लोकांना गमतीचा वाटे. शेजारचे श्यामसुंदर भैया हिंदी-मराठीचे अर्थ लावायचा नाद असलेले. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "मास्टर साब, भाभी जी जा रईं हैं के आ रईं हैं? जात तो दिखात हैं, और कहत हैं आऊँ का." मी त्यांना समजावलं की आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. गेलेलं माणूस परत यावं म्हणून 'येते' म्हणायचं, आणि घरातल्यानं 'ये' म्हणायचं. श्यामसुंदर भैयांनी मान डोलावली, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही.

आमची दिशा शाळेत हिंदी शिकली, तिथून ती हिंदीतलंच मराठीत आणायची. "मम्मी, मी जाते," म्हणून एकदा दप्तर घेऊन निघाली, तर इंदूनं तिला रिक्षातून खाली उतरवून घरात आणलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि पुन्हा पाठवलं. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून थकला होता. इतर बाबतींत इंदू गरीब गाय. या एका शब्दापुढे मात्र ती कुणाचं ऐकत नसे.

माझं उत्तर आल्याशिवाय ती पायरी सोडायची नाही. मी स्टेशन मास्तर होतो. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, हे मी तिला लग्नानंतर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, ते तिनं संसाराला लावलं. कधी मी वाचण्यात गुंग असलो तर ती तशीच उभी राहायची, भिंतीला हात टेकून. कधी कधी मी मुद्दामच गप्प बसायचो. आता ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

शेवटच्या वर्षात तिचे गुडघे गेले, मग हृदय थकलं. पायांवर सूज असायची. दोन मिनिटं उभी राहिली तरी तिला दम लागे. शेवटचा महिना तर ती बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरच होती, दाराजवळ, कारण तिथे थोडी झुळूक येते.

चैत्रातली ती सकाळ. दहा वाजले असतील. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो, म्हणजे नेहमीसारखा घोळ घालत होतो. दूध उतू गेलं, ते उतरवताना सांडशी हातातून पडली आणि खणखणाट झाला. बाहेरून तिचा आवाज आला, "अहो, येऊ का?"

मी ओरडलो, "थांब! मी करतोय ना. उठू नकोस तिथून."

दोन कप घेऊन बाहेर आलो. लोक म्हणतात झोपल्यासारखं दिसतं. तसं काही नसतं. माणूस नाही हे दारातूनच कळतं. मी तरीही तिचा कप तिच्या उशाशी ठेवला.

शेवटपर्यंत तिचं चित्त स्वयंपाकघरात होतं, माझ्या मदतीला यायचं म्हणत होती, मीच थांब म्हणालो, असं मी दिशाला फोनवर सांगितलं. पुढेही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिलो.

२

तेरा दिवसांचं सगळं नारायणरावांनी बघितलं. ते इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले, आम्ही रेल्वेवाले त्यांच्या लेखी कालचे. ब्याऐंशीचे आहेत, पण रीतीभाती त्यांना तोंडपाठ. अस्थी ओरछ्याला बेतवा नदीत सोडल्या तेव्हाही उन्हात माझ्या शेजारी उभे होते. तेराव्याला जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "निघताना कुणी 'येतो' म्हणायचं नाही. आणि अनंतराव, तुम्ही कुणाला 'या' म्हणू नका. दुःखाला पुन्हा बोलावणं करू नये."

मग माणसं गुपचूप उठून गेली. हिंदी शेजारी "अच्छा, चलते हैं" म्हणाले, मराठी माणसं नुसती हात जोडून निघाली. घर इतक्या मुकाट्यानं रिकामं होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दिशानं आईच्या साड्या वाटल्या, चपला लक्ष्मी तलावाकाठच्या महालक्ष्मीच्या देवळाबाहेर एका म्हातारीला दिल्या, आणि दोन दिवसांनी ग्वाल्हेरला परत गेली. तिची बँकेची नोकरी. किती दिवस राहणार?

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसलो होतो. वाचत नव्हतो, नुसता धरला होता. झाशीचा उन्हाळा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कूलर घरघरत होता, खिडक्यांना पडदे होते, समोरचं दार लावलेलं होतं. पाच वाजायला आले होते.

बाहेर पायरीवर चप्पल घासल्याचा आवाज आला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

हा आवाज मला चांगला ठाऊक होता. सुजलेल्या डाव्या पायाचा अंगठा वादीत शिरत नसे, म्हणून ती चप्पल फरशीवर दोनदा घासायची. त्यानंतर बांगड्या भिंतीला लागल्या. हात टेकला की त्या लागत.

"अहो, येऊ का?"

'ये' माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. मी पेपर तोंडावर दाबून धरला. कागदाची शाई जिभेला लागली, ती चव अजून आठवते.

मी वाट बघत राहिलो. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला नाही, दाराची कडीही वाजली नाही. जो कुणी विचारत होता तो तिथेच उभा होता. साडेसहाला दूधवाला आला म्हणून मी दार उघडलं. दूधवाला होता, बाकी कुणी नव्हतं. त्यानं कॅन मात्र पायरीच्या एका कडेला सरकवून ठेवला होता, आणि तोही कडेलाच अंग चोरून उभा होता.

३

मी अडाणी माणूस नाही. सदतीस वर्षं नोकरी केली, गाड्या वेळेवर सोडल्या, धुक्यात सिग्नल दिसत नसे तेव्हाही डोकं ठिकाणावर ठेवलं. म्हणून मी आधी कूलर बंद केला. त्याचा पंप कधी कधी माणसासारखा कुंथतो. दुसऱ्या दिवशी घामानं निथळत खोलीत बसून राहिलो. चप्पल घासली. बांगड्या वाजल्या. "अहो, येऊ का?"

मग मी श्यामसुंदर भैयांच्या टीव्हीवर संशय घेतला. त्यांच्याकडे जाऊन पाहिलं, तर त्या वेळी वीज नव्हती आणि सगळे अंगणात पंखे हलवत बसले होते. कबुतरांवर संशय घेतला, छज्ज्यावरची घरटी काढून टाकली. त्या पिल्लांचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी स्वतःच्या कानांवर संशय घेतला आणि सिविल लाइंसमधल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यानं कान साफ केले आणि म्हणाला, सदमा है, नींद की गोली लिख दूँ? मी म्हटलं, नको, मला दुपारी ऐकू येतं, रात्री नाही. त्यानं माझ्याकडे जरा बारीक नजरेनं पाहिलं.

मी उत्तर देत नव्हतो, म्हणून ती पुन्हा विचारू लागली. आधी पाचला, मग सहाला. आठवड्यानं चारलाही. नंतर जेवण आटोपून मी ताट धुवायला नळ सोडला की नळाच्या आवाजातून. मला आधी वाटलं की ती लवकर लवकर यायला लागली आहे. मग एका सकाळी दहाला चहा ठेवला आणि तेव्हाही तिचा आवाज आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की येण्याजाण्याचा प्रश्नच नाही. ती सगळा वेळ तिथेच आहे. मी ऐकत नसतो तेव्हासुद्धा.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी घाबरून दिशाकडे पळून गेलो असतो. आवाज थकलेला होता आणि दिवसेंदिवस जास्त थकत होता. प्रश्नानंतर दम लागलेला ऐकू यायचा. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचं आणि चप्पल कुरकुरायची. मी आत खुर्चीवर बसलेला, आणि दोन मिनिटं उभं न राहवणारी बाई उन्हात दाराबाहेर उभी.

भीती मला वाटत होतीच. खोटं कशाला बोलू? रात्री झोपायला मी आतल्या खोलीत जायला लागलो आणि समोरचं दार उघडणं सोडून दिलं. स्वयंपाकघरामागे एक दार आहे, ते बोळात उघडतं. मी तिथून ये-जा सुरू केली. मी स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरतो, हे श्यामसुंदर भैयांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"काए मास्टर साब, अपनेई घर में चोरन घाईं घुसत हो?"

"पुढचं दार बिघडलंय," मी हिंदीत म्हणालो.

"तो बढ़ई बुला दें?"

"सुतार कशाला? हो जाएगा ठीक."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या त्या हातानं मला गल्लीत उभ्याउभ्या रडू आलं.

४

शेवटी मी नारायणरावांकडे गेलो. दतिया गेटच्या आत त्यांचं घर आहे, खाली दुकानं, वर ते आणि त्यांचा मुलगा-सून. मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही हसले नाहीत, त्यामुळे मी आणखी घाबरलो.

"काय विचारतात वहिनी? नेमका शब्द सांगा."

"येऊ का."

"आणि आपण काय म्हणता?"

"काही नाही. तुम्ही बजावलं होतं ना."

"उत्तम केलंत. 'ये' म्हणू नका. चुकूनसुद्धा नाही. एकदा म्हटलंत की ते बोलावणं झालं, मग आपल्या हातात काही राहत नाही."

"मग ती किती दिवस उभी राहणार? तिचे पाय..."

नारायणरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "तर मग 'जा' म्हणा. जित्या माणसाला आपण तो शब्द म्हणत नाही ना? का म्हणत नाही? तो याच कामाला राखून ठेवलेला आहे."

एवढं सोपं, मला वाटलं. एका अक्षराचा शब्द. पण त्यांच्याकडे बघताना मला त्यांच्या पत्नीची, भानुमतीवहिनींची, आठवण झाली. त्या जाऊन चारेक वर्षं झाली होती. मी विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात? वहिनींना?"

ते अडकित्ता पुन्हा उचलून सुपारी कातरू लागले. खालच्या दुकानातून शटर ओढल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे कुणी विचारायला आलं नाही," ते म्हणाले. "मी वर्षभर दार उघडं ठेवलं होतं."

घरी आल्यावर मी दाराच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. फळीच्या पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, माझ्या छातीच्या उंचीवर, कारण ती माझ्यापेक्षा तेवढीच बुटकी. मी 'जा' म्हणायला तोंड उघडलं. तिच्याशी इतकं भांडलो असेन, पण हा शब्द तिला कधी म्हटला नव्हता. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि मला तशीच डुलकी लागली. जागा झालो तेव्हाही पलीकडे श्वास चालूच होता.

५

शनिवारी दिशा आली. मी तिला फोनवर मागच्या दारानं ये म्हणून बजावलं होतं, पण ती कुठली ऐकते? समोरची घंटी वाजली. मला दार उघडावं लागलं.

उन्हाच्या लोटाबरोबर ती आत शिरली. आत शिरताना तिनं बॅग वर उचलली, खांदा वळवला आणि चौकटीच्या डाव्या बाजूला घासत, अंग चोरून आली. दार चांगलं साडेतीन फूट रुंद आहे. गर्दीच्या डब्यात दारात उभ्या बाईला धक्का लागू नये म्हणून आपण शिरतो, तशी ती शिरली, आणि तिच्या तोंडून "सॉरी" असं काहीतरी निघालं. मग तिनं बॅग ठेवली आणि म्हणाली, "पापा, एवढा अंधेरा का करून ठेवलाय?"

"तू सॉरी कुणाला म्हणालीस?"

"कधी?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी दार लावून घेतलं.

तिनं घर पाहिलं, माझं तोंड पाहिलं, फ्रिज उघडून पाहिला आणि ठरवून टाकलं. "सोमवारी माझ्यासोबत ग्वालियर चला. बस, फायनल. तुम्हाला असं अकेलं नाही सोडणार मी."

"मला येता येणार नाही."

"का?"

मी इकडचं तिकडचं बोललो. ती आईच्या खाटेवर मांडी घालून बसली आणि हलेना. हा हट्ट तिनं आईकडूनच उचलला आहे. मग मी सांगितलं. पेपर, चप्पल, बांगड्या, नारायणराव, सगळं. ती वेड्यात काढेल, डॉक्टरांचं नाव काढेल, असं मला वाटलं होतं. तिनं वेगळंच विचारलं.

"पापा, चप्पलचा आवाज कसा येतो?"

"दोनदा घासल्याचा. तुला माहीत आहे ना, डावा पाय..."

"म्हणजे पहनायचा. घालायचा." तिनं माझ्याकडे पाहिलं. "जो बाहेरून येतो तो तर चप्पल काढतो ना?"

तीन आठवडे मी त्या आवाजाचा काथ्याकूट करत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. येणारा काढतो, जाणारा घालतो.

"शेवटचं काय बोलल्या होत्या मम्मी? परत सांगा. तुम्ही फोनवर म्हणालात किचनमध्ये येऊ का म्हणत होत्या."

"सांडशी पडली. तिला वाटलं असेल मदत..."

"मम्मी महिनाभर उठल्या नव्हत्या, पापा. तुम्ही त्यांना उचलून बाथरूमला नेत होता. किचनमध्ये कशा येणार होत्या?" तिचा आवाज फाटला आणि ती हिंदीत गेली. "वो आने का नहीं पूछ रही थीं. वो जा रही थीं. रोज की तरह पूछ के जा रही थीं. और आपने क्या कहा?"

मला तो शब्द उच्चारवला नाही. तिनंच उच्चारला. "थांब."

मला एकदम सगळी सकाळ दिसली. मी ओट्याशी, पाठमोरा. ती खाटेवर, चपला घालायची ताकद नसलेली, माझ्या उत्तराची वाट बघत. मी ओरडून सांगितलं, थांब, उठू नकोस तिथून. तिनं आयुष्यभर माझं ऐकलं, तसं तेव्हाही ऐकलं.

"छत्तीस दिन से खड़ी हैं," दिशा म्हणाली. "उनके घुटने देखे थे आपने?"

मग आम्ही दोघंही रडलो. तिला तर तेराव्यापर्यंत रडायला सवडच मिळाली नव्हती, सगळ्यांचा चहा करत होती.

६

पाच वाजायला आले तेव्हा मी दिशाला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार उघडलं.

समोर गल्लीभर पांढरं ऊन होतं. तापलेल्या वाऱ्याची लू अंगावर आली. मी नजर खाली ठेवली होती, वर बघायचं धाडस होत नव्हतं. आधी नुसती पायरी दिसली. मग चप्पल घासली, आणि आवाज आला तिथे मला पाय दिसले.

सुजलेले, घोट्यावर मोज्याचा वळ उमटलेला असायचा तसा वळ. डावी चप्पल अर्धी घातलेली. गुडघ्यापर्यंत जांभळी साडी, तिच्या निऱ्या वाऱ्यावर हलत नव्हत्या. त्याच्या वर मी पाहिलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून उजव्या बाजूला चौकटीवर चार बोटं टेकलेली दिसत होती, नखं पांढरी पडेपर्यंत जोर देऊन.

"अहो, येऊ का?"

"जा," मी म्हणालो.

तो शब्द इतका उघडावाघडा वाटला की मी स्वतःच दचकलो. पाय हलले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, "जा, इंदू. पुरे झालं. मीच थांबवलं होतं तुला. मला कळलं नाही. आता जा."

वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर गेलं. श्वास लागला होता. बोटं चौकटीवरून सरकली आणि पुन्हा घट्ट धरली.

"येऊ का?"

तिला तो शब्द चालणार नव्हता. नारायणरावांची रीत त्यांच्या घरची. आमच्या घरात 'जा' म्हटल्यावर कुणी निघत नाही. शाळेला उशीर झाला तरी नाही, आणि याहून मोठ्या वाटेवर निघालं तरी नाही. माझ्याकडून दुसरा शब्द मिळेपर्यंत ती आणखी छत्तीस दिवस उभी राहिली असती, मी मरेपर्यंत राहिली असती.

तो शब्द म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणू नका, असं ज्यांना कळतं त्यांनी सांगितलं होतं. त्यांचं चुकत होतं असंही मला वाटत नव्हतं. मी त्या पायांकडे बघत होतो. डावा पाय थरथरत होता.

"पापा," आतून दिशा म्हणाली, "बोल दीजिए."

मी म्हणालो, "ये."

पेपरमागून नाही, तोंड वळवून नाही. तिच्या पायांकडे बघून, आणि मनापासून. हे मात्र खरं, की मी ते नुसतं तिला सोडायला म्हटलं नाही. म्हणताना मला ती हवी होती.

डावी चप्पल फरशीवर घासली आणि या वेळी अंगठा वादीत शिरला. बोटं चौकटीवरून निघाली. तीन पायऱ्या एक-एक करून, थांबत थांबत उतरल्याचा आवाज आला. नंतर गल्लीतली धूळ. मी मान वर केली तोवर वळणावर जांभळं काहीतरी क्षणभर दिसलं, इतकंच. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ती कधीच वळून पाहत नसे.

दिशा बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. दारात मधोमध, हातपाय पसरून, आता जागा भरपूर असल्यासारखी.

"गेल्या?"

"गेली."

तिनं दीर्घ श्वास सोडला. चहा केला, आम्ही पायरीवर बसून घेतला. श्यामसुंदर भैयांनी समोरून हात केला, द्वार ठीक हो गओ का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. किती दिवसांनी पाठ टेकून बसलो होतो.

"मग सोमवारी चलायचं ना, पापा? आता तर काही प्रॉब्लेम नाही."

मी गल्लीच्या वळणाकडे बघत होतो.

"नाही बाळा. घरी कुणीतरी असायला पाहिजे," मी म्हणालो. तिनं कप खाली ठेवला.

सोमवारी ती एकटीच गेली. मी दाराला कडी लावत नाही. भीती वाटते का, तर वाटते, संध्याकाळ झाली की जास्तच. पण मी 'ये' म्हटलं आहे. आणि इंदू विचारून गेली आणि परत आली नाही, असं आमच्या संसाराच्या अडतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही.